दुर्गम भागातील एअर ॲम्ब्युलन्सचा वैमानिक व्हायचे आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक, नुकताच परवाना हाती पडलेले तरुण वैमानिक आणि सैन्यदलांतून निवृत्त होण्याच्या बेतात असलेले अधिकारी एअर ॲम्ब्युलन्सविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः भारतातील नियम आणि परिस्थिती समोर ठेवून लिहिली आहेत. ही सेवा जेथे सर्वांत जुनी आणि सुस्थिर आहे त्या ऑस्ट्रेलियाचा विचार प्रश्न 10 आणि 18 मध्ये केला आहे. कोणतेही उत्तर सुटे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एअर ॲम्ब्युलन्सचा वैमानिक नेमके काय काम करतो? त्याला वैद्यकीय शिक्षण लागते का?

वैद्यकीय शिक्षण लागत नाही. रुग्णाची जबाबदारी सोबतच्या डॉक्टरांची आणि परिचारिकेची किंवा पॅरामेडिकची असते, तर विमानाची जबाबदारी वैमानिकाची असते. या दोन जबाबदाऱ्या एकमेकींत मिसळू न देणे हाच या कामाचा कणा आहे (प्रश्न 11 पाहा).

प्रत्यक्षात काम फोनपासून सुरू होते. रुग्णालयाकडून विचारणा आली की वैद्यकीय पथक रुग्ण उड्डाण सोसू शकेल का, हे ठरवते. त्याच वेळी वैमानिक गंतव्य विमानतळाचे आणि पर्यायी विमानतळाचे हवामान, धावपट्टीविषयीच्या ताज्या सूचना, विमानतळ उघडा राहण्याच्या वेळा, इंधन आणि एकूण वजन यांचा हिशेब मांडत असतो. त्यानंतर रुग्ण चढवण्याचा टप्पा येतो, आणि त्याची कल्पना बाहेरच्यांना सहसा नसते. भारतात या कामासाठी बऱ्याचदा वापरल्या जाणाऱ्या किंग एअर बी-200 या विमानाचे दार मागच्या डाव्या बाजूला असते आणि पायऱ्या दारालाच जोडलेल्या असतात. व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि सलाइनच्या नळ्यांसह स्ट्रेचर त्या अरुंद दारातून तिरके करून आत सरकवावे लागते. लहान कंपनीत त्या वेळी को-पायलटही हात लावतो. स्ट्रेचर तळाच्या चौकटीत अडकले आहे, पट्टे ओढले आहेत आणि एकही सिलिंडर मोकळा राहिलेला नाही, याची खात्री झाल्याशिवाय दार लावले जात नाही.

2. एअर ॲम्ब्युलन्स चालवण्यासाठी वेगळा परवाना असतो का?

नाही. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ‘एअर ॲम्ब्युलन्स पायलट’ असा स्वतंत्र परवाना देत नाही. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजे सीपीएल, त्यावर मल्टि-इंजिन (एकाहून अधिक इंजिनांचे विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (बाहेरचे न दिसता केवळ उपकरणांवर उडणे) यांचे रेटिंग आणि जे विमान चालवायचे त्याचे एन्डॉर्समेंट, म्हणजे परवान्यावरील नोंद, असावे लागते. ज्या कंपनीत काम करायचे तिच्याकडे बहुधा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय मागणीनुसार उड्डाणे करण्याचा परवाना, असते. याचा परिणाम असा की तेच विमान आणि तोच वैमानिक एके दिवशी उद्योगपतींना नेतो आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला. केवळ रुग्णवाहतुकीसाठीच ठेवलेली विमाने आपल्याकडे तुलनेने कमी आहेत. ‘मला फक्त एअर ॲम्ब्युलन्सच उडवायची आहे’ असे म्हणणाऱ्याने हे सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे.

3. बारावीला कोणते विषय हवेत? मी कॉमर्सचा विद्यार्थी आहे.

आजवरच्या नियमाप्रमाणे सीपीएलसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असणे आवश्यक मानले गेले आहे. कला किंवा वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वेगळे देतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ही अट शिथिल करण्याची चर्चा 2025 मध्ये झाली होती, त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी डीजीसीएच्या संकेतस्थळावरील सध्याची अट स्वतः वाचून घ्यावी. फ्लाइंग स्कूलच्या माहितीपत्रकावर विसंबून राहू नये.

4. सीपीएलसाठी किती तास उड्डाण करावे लागते आणि परीक्षा कोणत्या असतात?

विमानाच्या सीपीएलसाठी किमान वय 18 वर्षे आणि एकूण उड्डाण 200 तास लागते. त्यांपैकी 100 तास स्वतः कमांडमध्ये (म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून) आणि 20 तास कमांडमध्ये क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी) असावे लागतात. या क्रॉस-कंट्रीत किमान 300 सागरी मैलांचे असे एक उड्डाण हवे, ज्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेले आहे. इन्स्ट्रुमेंटचे आणि रात्रीच्या उड्डाणाचे तास वेगळे मोजले जातात. लेखी परीक्षा एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल अशा विषयांच्या असतात. त्याशिवाय रेडिओ टेलिफोनीचे प्रमाणपत्र लागते. ते पूर्वी दूरसंचार विभागाकडून मिळत असे. भारतीय वायुयान अधिनियम 2024 लागू झाल्यापासून ते काम डीजीसीएकडे आले आहे.

प्रशिक्षणासाठी उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी सर्वांना ठाऊक असते. पण महाराष्ट्रातही गोंदियाजवळील बिरसी, बारामती, धुळे आणि शिरपूर येथे फ्लाइंग स्कूल आहेत. दुर्गम भागात काम करायचे असेल तर हवामानशास्त्राचा अभ्यास केवळ उत्तीर्ण होण्यापुरता करू नका, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. पुढे ज्या ठिकाणी उतरायचे आहे, तेथे हवामानाचा अहवाल देणारे केंद्रच नसण्याची शक्यता असते, आणि मग ढगाचा रंग, वाऱ्याची दिशा आणि दोन दऱ्यांमधल्या तापमानाचा फरक यांवरून आपल्यालाच अंदाज बांधावा लागतो.

5. चष्मा असेल तर मेडिकल होते का?

होते. ठरलेल्या मर्यादेतील दृष्टिदोष चष्म्याने किंवा लेन्सने पूर्ण सुधारत असेल तर अडचण येत नाही. रंग ओळखण्यातील दोष मात्र अडथळा ठरू शकतो. आधी क्लास 2 आणि नंतर क्लास 1 अशी तपासणी होते. पैसे भरण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. अर्धे प्रशिक्षण झाल्यावर मेडिकलमध्ये अडकलेले विद्यार्थी आणि कर्ज काढून बसलेले त्यांचे आईवडील पाहिले की फार वाईट वाटते, आणि हे टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते. क्लास 1 नियमितपणे नूतनीकृत करावे लागते, साधारणपणे दर 12 महिन्यांनी आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी.

6. एकूण खर्च किती येतो?

सीपीएल आणि मल्टि-इंजिन मिळेपर्यंत आज खर्च सर्वसाधारणपणे 50 लाखांच्या पुढे जातो आणि टाइप रेटिंगचा, म्हणजे एका विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेचा, खर्च त्यात धरलेला नसतो. एअर ॲम्ब्युलन्सच्या वाटेने जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोठ्या विमान कंपन्यांसाठी एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग करून घेण्याची जी घाई चालते, तिचा येथे उपयोग नाही. येथे टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या) विमानाचा आणि रात्रीच्या उड्डाणाचा अनुभव पाहिला जातो.

7. विमान शिकावे की हेलिकॉप्टर?

दोन्हींचे काम वेगळे आहे. धावपट्टी असलेल्या गावातून मोठ्या शहरात, म्हणजे तीनशे ते दीड हजार किलोमीटरच्या टप्प्यात, रुग्ण नेण्यासाठी विमान लागते. जेथे धावपट्टीच नाही, त्या दरीतून, बेटावरून किंवा अपघातस्थळावरून रुग्ण उचलण्यासाठी हेलिकॉप्टर लागते. करिअरच्या दृष्टीने फरक असा आहे की भारतात नागरी हेलिकॉप्टर वैमानिकांपैकी बहुसंख्य सैन्यदलांतून आलेले असतात. बंगळुरूला एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या) रोटरी विंग अकादमीत नागरी प्रशिक्षण मिळते, पण सैन्यदलात हजारो तास डोंगरांत उडालेल्या अधिकाऱ्याशी नव्या उमेदवाराला स्पर्धा करावी लागते, आणि कंपन्याही साहजिकच अनुभवाकडे झुकतात.

हिमालयात हेलिकॉप्टर चालवणे हे वेगळेच शास्त्र आहे. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद आणि पंख्याने मिळणारी उचल या दोन्ही घटतात. मैदानात सहज उचलले जाणारे वजन तेथे उचलले जात नाही, आणि दुपार चढली, तापमान वाढले की उरलेली उचलही कमी होते. म्हणून तेथे रुग्णासोबत नातेवाइकाला न घेण्याचा निर्णय कठोरपणातून आलेला नसतो. तो वजनाच्या तक्त्यावर आधीच ठरलेला असतो.

8. सीपीएल मिळाल्यावर लगेच एअर ॲम्ब्युलन्समध्ये नोकरी मिळेल का?

को-पायलट म्हणून मिळू शकते, कॅप्टन म्हणून नाही. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर 5,700 किलोपर्यंतच्या विमानाचा कमांडर होण्यासाठी सीपीएल पुरते, आणि किंग एअर बी-200चे कमाल उड्डाण-वजन 5,670 किलो म्हणजे त्या मर्यादेच्या जरासे आतच आहे. एटीपीएलला (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स या वरच्या परवान्याला) लागणारे 1,500 तास पूर्ण होण्यापूर्वीही त्या विमानाचा कमांडर होता येते, ते याच कारणाने. परंतु नियम काय परवानगी देतो आणि कंपनी व विमा कंपनी काय मागते, यांत मोठे अंतर आहे. रात्री, पावसात, अनोळखी धावपट्टीवर उतरणाऱ्या माणसाकडे कमांडचे पुरेसे तास असावेत, ही त्यांची मागणी रास्त आहे.

मधली वर्षे कशी घालवावीत, हा खरा प्रश्न आहे. काही जण इन्स्ट्रक्टर रेटिंग घेऊन फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतात. त्यात कमांडचे तास मिळतात आणि दुसऱ्याच्या चुका वेळेत ओळखण्याची सवय लागते. काही जण चार्टर कंपनीत को-पायलट होतात. माझ्या मते दुर्गम भागात जायचे असेल तर इन्स्ट्रक्टरचा मार्ग अधिक घडवणारा आहे. लहान विमानात, शेजारी नवखा विद्यार्थी बसलेला असताना, आडव्या वाऱ्यात दिवसातून दहादा उतरण्याने हातात जे कसब येते, ते ऑटोपायलटवर उडणाऱ्या जेटच्या उजव्या सीटवर येत नाही.

9. भारतात ‘दुर्गम भाग’ म्हणजे नेमके कोणते? तेथे खरोखर अशी सेवा आहे का?

आहे, पण सर्वत्र सारखी नाही. लक्षद्वीपमध्ये आगत्तीची एकच धावपट्टी आहे आणि बाकी बेटांवरून गंभीर रुग्ण हेलिकॉप्टरने हलवले जातात. त्यांतील अनेकांना पुढे कोचीला न्यावे लागते. अंदमानातही परिस्थिती अशीच आहे. लडाखमध्ये लेहचा विमानतळ 10,682 फुटांवर आहे आणि दुपारनंतर वारे जोर धरत असल्याने नागरी उड्डाणे मुख्यतः सकाळी होतात. तेथील खेड्यापाड्यांतून आणि झांस्करसारख्या बर्फाने तुटलेल्या खोऱ्यांतून रुग्ण आणण्याचे काम बऱ्याच अंशी हवाई दल आणि लष्कराची हेलिकॉप्टरे करतात. उत्तराखंडात ऋषीकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाली. मध्य प्रदेश सरकारनेही 2024 मध्ये स्वतःची योजना आणली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीत मिळते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि शंभरावर गावे वेगळी पडतात. अशा वेळी आणि नक्षलविरोधी मोहिमांत जखमी झालेल्या जवानांसाठी पोलिसांच्या ताब्यातील हेलिकॉप्टर हाच आधार असतो, आणि ते रुग्णाला गडचिरोलीला किंवा नागपूरला पोहोचवते. म्हणजे दुर्गम भागासाठी काम करायचे असेल तर लडाखलाच गेले पाहिजे असे नाही. मात्र ही सेवा बहुतेक ठिकाणी सरकारी कंत्राटावर चालते, आणि कंत्राट बदलले की वैमानिकाचा मुक्कामही बदलतो.

10. ऑस्ट्रेलियातील ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेविषयी नेहमी ऐकतो. तिच्यात वेगळे काय आहे?

जॉन फ्लिन या पाद्र्याच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या सेवेचे पहिले उड्डाण 17 मे 1928 रोजी क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून जुलिया क्रीकला झाले. विमान क्वांटासकडून भाड्याने घेतलेले होते, वैमानिक आर्थर ॲफ्लेक आणि डॉक्टर केन्यन सेंट व्हिन्सेंट वेल्च. दूरवरच्या शेतमळ्यांकडे फोन नव्हते, म्हणून आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ बनवला आणि तो 1929 पासून वापरात आला. डॉक्टर, विमान आणि रेडिओ या तिन्हींची एकत्र आखणी झाली, म्हणून ही सेवा टिकली. फ्लिन यांचे चित्र आज ऑस्ट्रेलियाच्या 20 डॉलरच्या नोटेवर आहे.

वैमानिकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा की तेथे पिलाटस पीसी-12 आणि किंग एअर ही विमाने बहुधा एकच वैमानिक चालवतो. मागे फ्लाइट नर्स असते आणि गरजेप्रमाणे डॉक्टर. रात्री एखाद्या मळ्यावर उतरायचे असेल तर मळ्याचा मालक आधी गाडी घेऊन मातीच्या पट्टीवर फेरी मारतो, कांगारू आणि गुरे हाकलतो, आणि दिवे नसतील तर दोन्ही कडांना रॉकेलच्या मशाली मांडतो. एअर हायवे (Eyre Highway) नावाच्या रस्त्यासारख्या निर्जन मार्गावर रस्त्याचेच काही तुकडे आणीबाणीच्या धावपट्टीसाठी रंगवून राखलेले आहेत. आपल्याकडील दुर्गम भागांत स्थानिक माणसांना या कामात असे सामील करून घेतले, तर मोठा फरक पडेल असे मला मनापासून वाटते. हेलिपॅडच्या आसपासची गर्दी, सुटा पत्रा, उडणारी ताडपत्री यांचा धोका पायलटपेक्षा गावातल्या सरपंचाला आणि आशाताईंना लवकर दूर करता येतो.

11. वैमानिकाला रुग्णाची अवस्था सांगत नाहीत, हे खरे आहे का? आणि खरे असेल तर का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो विचारणाऱ्यांना बहुधा यात निर्दयपणा दिसतो. जगभरच्या अनेक चांगल्या सेवांत ही पद्धत पाळली जाते. वैमानिकाला एवढेच सांगितले जाते की कोठून कोठे जायचे आहे, किती माणसे आणि किती वजन आहे, आणि रुग्णाला केबिनच्या दाबाबाबत काही बंधन आहे का (प्रश्न 13). रुग्ण तीन महिन्यांचे बाळ आहे की सत्तरीचे आजोबा, तो शुद्धीवर आहे की नाही, हे उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत त्याच्या कानावर घातले जात नाही.

कारण साधे आहे. ढगाचा तळ किती फुटांवर आहे, दृश्यमानता किती आहे, वारा किती गाठींचा आहे या गोष्टी रुग्णाच्या वयाने बदलत नाहीत. मात्र त्या वाचणारे मन बदलते. बाळ आहे असे कळले की तीच दृश्यमानता ‘चालण्याजोगी’ वाटू लागते. अपघातांच्या चौकशीतून हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे की वैद्यकीय उड्डाणांत वैमानिकावर कोणी थेट दबाव आणला नसतानाही तो स्वतःच स्वतःवर दबाव आणतो. आणि चुकीचा निर्णय झाला तर एका रुग्णासोबत डॉक्टर, परिचारिका आणि दोन वैमानिक जातात.

भारतातील लहान कंपन्यांत ही भिंत फार पातळ असते. नातेवाईक थेट कॅप्टनच्या मोबाइलवर फोन करतात, कधी कोणी लोकप्रतिनिधीही करतो. नोकरीच्या मुलाखतीत आपणही एक प्रश्न विचारावा: उड्डाणास नकार दिल्यावर नातेवाइकांशी कोण बोलते? उत्तर ‘कॅप्टनच बोलतो’ असे आले तर त्या कंपनीत जपून पाऊल टाकावे. या कामाला धाडसी वैमानिक लागतो, असा समज सर्वत्र आहे. माझे मत उलट आहे. या कामाला असा माणूस लागतो जो शांतपणे ‘आत्ता नाही, सकाळी सहाला पाहू’ म्हणू शकतो आणि तसे म्हटल्यावर रात्री झोपू शकतो.

12. रुग्ण असल्यावर विमानाला सगळीकडे प्राधान्य मिळते ना? मग अडचण कसली?

प्राधान्य मिळते. फ्लाइट प्लॅनच्या अठराव्या रकान्यात ‘मेडइव्हॅक’ किंवा ‘हॉस्प’ असा संकेत लिहिला जातो. पहिला जिवावर बेतलेल्या प्रसंगासाठी असतो, दुसरा वैद्यकीय कामाच्या इतर उड्डाणांसाठी. सरसकट पहिलाच लिहिण्याचा मोह टाळावा, कारण मुंबई-दिल्लीच्या गर्दीत नियंत्रक त्या शब्दावर विश्वास ठेवून इतरांना थांबवत असतो.

पण प्राधान्याने रांगेतला क्रमांक बदलतो, हवामान बदलत नाही आणि बंद विमानतळही उघडत नाही. लहान विमानतळांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. त्यांबाहेर उतरायचे असेल तर वेळवाढ मागावी लागते, नियंत्रक आणि अग्निशमन कर्मचारी थांबवून ठेवावे लागतात. पुणे, लेह, श्रीनगर, बागडोगरा यांसारखी ठिकाणे हवाई दलाच्या ताब्यात असल्याने त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. अनुभवी वैमानिक हे दूरध्वनी इंजिन सुरू करण्यापूर्वीच करून मोकळा होतो.

13. डॉक्टर ‘खालून न्या’ असे सांगतात, त्याचा अर्थ काय आणि वैमानिकाने ते ऐकलेच पाहिजे का?

विमान वर गेले की केबिनमधील दाब कमी होतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, आतड्याला अडथळा असेल, डोळ्याच्या शस्त्रक्रियेत वायू भरला असेल किंवा खोल पाण्यातून वर आलेल्या पाणबुड्याला त्रास झाला असेल, तर ही फुगवण घातक ठरू शकते. अशा रुग्णासाठी केबिनचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवायचा असतो. किंग एअर बी-200 मध्ये तो साधारण 15 हजार फुटांच्या उंचीपर्यंत राखता येतो. त्याहून वर गेले की तो घसरू लागतो.

आता वैमानिकाची बाजू पाहा. नेहमीच्या 25-28 हजार फुटांऐवजी 15 हजारांवर उडाले की इंधन जास्त जळते, वेग कमी मिळतो आणि पावसाळ्यात विमान नेमके ढगांच्या पोटातून जाते. लेहसारख्या ठिकाणी तर भोवतालचे डोंगरच त्याहून उंच आहेत, त्यामुळे तेथून अशा रुग्णाला ‘खालून’ आणणे विमानाला शक्यच नसते. अशा वेळी वैमानिकाने डॉक्टरांना स्पष्ट पर्याय द्यावेत: अमुक उंची, अमुक वेळ, इंधनासाठी मध्ये अमुक ठिकाणी थांबा. उंचीचे वैद्यकीय बंधन डॉक्टर ठरवतात. त्या बंधनात उड्डाण सुरक्षित होते की नाही, याचा अंतिम निर्णय विमानाच्या कमांडरचाच असतो.

14. हे काम किती धोक्याचे आहे? खरे सांगा.

सर्वसाधारण प्रवासी विमानसेवेपेक्षा धोका अधिक आहे. 25 मे 2011 रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण आणणारे पीसी-12 विमान खराब हवामानात फरिदाबादच्या वस्तीवर कोसळले. विमानातील सात आणि जमिनीवरील तीन असे दहा जण गेले. 24 मे 2016 रोजी पाटण्याहूनच निघालेल्या किंग एअरची दोन्ही इंजिने बंद पडली आणि ते दिल्लीजवळ नजफगडच्या शेतात उतरवावे लागले. आतील सर्व सात जण वाचले. 6 मे 2021 रोजी नागपूरहून उड्डाण करताना एका एअर ॲम्ब्युलन्सचे चाक निखळले. वैमानिकांनी विमान मुंबईला आणले आणि फेस पसरलेल्या धावपट्टीवर पोटावर उतरवले. सर्व पाचही जण सुखरूप होते. 17 मे 2025 रोजी एम्स ऋषीकेशच्या हेलिकॉप्टरचे केदारनाथला उतरताना शेपूट तुटले, वैमानिक आणि वैद्यकीय पथक बचावले.

हे प्रसंग घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. यांतील तीन घटनांत माणसे वाचली, आणि त्यांपैकी एकीत ती कशामुळे वाचली, ते शिकण्यासारखे आहे. नागपूरच्या घटनेत वैमानिकांनी घाई केली नाही. लांब धावपट्टी आणि सज्ज अग्निशमन दल कोठे मिळेल याचा विचार करून मुंबई निवडली. इन्स्ट्रक्टरांनी हा प्रसंग वर्गात टप्प्याटप्प्याने उलगडून शिकवावा, इतका तो चांगला आहे.

15. रात्रीच्या उड्डाणांविषयी वेगळे काय माहीत असावे?

धावपट्टी असणे आणि तेथे रात्री उतरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातही जिल्ह्यांच्या अनेक धावपट्ट्या दिवसापुरत्याच उपयोगाच्या आहेत, त्यामुळे रात्रीचा रुग्ण आधी रस्त्याने मोठ्या विमानतळापर्यंत आणावा लागतो. उजेड नसलेल्या प्रदेशात एकाकी धावपट्टीकडे येताना डोळे फसतात आणि आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे वाटते. त्यामुळे डोळ्यांपेक्षा उपकरणांवर भरवसा ठेवावा लागतो. थकव्याचा विचारही करावा. दिवसभर स्टँडबायवर बसून पहाटे दोनला निघालेला माणूस कागदोपत्री ‘विश्रांती घेतलेला’ असतो, शरीराने नसतो. वर्षाला 1,000 तासांची कमाल मर्यादा या कामात सहसा गाठलीच जात नाही. दमवणारी गोष्ट तासांपेक्षा अवेळ ही असते.

16. मुलींना या क्षेत्रात संधी आहे का?

आहे, आणि नियमांत कोणताही भेद नाही. भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण सुमारे 15 टक्के आहे आणि ते जागतिक सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. अडचण असते ती दुर्गम तळांवरील राहण्याच्या सोयींची. ती कंपनीने सोडवायची असते, उमेदवार मुलीने नाही. मुलाखतीत याविषयी निःसंकोच विचारावे.

17. माझे वय 38 आहे. आता सुरुवात केली तर उशीर होईल का?

सीपीएलला कमाल वयाची अट नाही, व्यावसायिक प्रवासी उड्डाण मात्र 65 व्या वर्षी थांबते. विमानाच्या बाजूने आजपासून सुरुवात केली तर परवाना, मधली वर्षे (प्रश्न 8) आणि कमांड धरून चाळिशीचा मध्य सहज येतो. ज्याच्यावर कुटुंबाचे कर्ज आहे त्याने हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पाऊल उचलू नये. लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांसाठी मात्र हेच वय निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या डावाचे योग्य वय ठरते, कारण त्यांचे तास आणि डोंगरातील अनुभव हातात असतो. त्यांना फक्त नागरी परवान्यासाठीच्या परीक्षा आणि तपासणी पूर्ण करावी लागते.

18. भारतीय परवान्यावर ऑस्ट्रेलियाच्या फ्लाइंग डॉक्टर सेवेत जाता येईल का?

थेट नाही. भारतीय परवाना तेथील कासा या नियामक संस्थेकडून रूपांतरित करून घ्यावा लागतो. त्यासाठी हवाई कायदा आणि मानवी घटक यांसारख्या विषयांच्या परीक्षा, तेथील मेडिकल, इंग्रजीची पातळी आणि उड्डाण चाचणी लागते. काम करण्याचा व्हिसा वेगळा. इतके झाल्यावरही खरी अडचण लॉगबुकमध्ये असते. भारतात बी-200 दोन वैमानिकांनी चालवला जातो, त्यामुळे आपल्याकडील तरुणाचे बरेचसे तास को-पायलटचे असतात. तेथे एकट्याने, रात्री, उपकरणांवर मल्टि-इंजिन विमान चालवायचे असल्याने कमांडचे तास पाहिले जातात. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेली काही मराठी मुले याच कारणाने आधी उत्तर ऑस्ट्रेलियात लहान चार्टर विमानांवर काही वर्षे काढण्याचा विचार करतात, आणि तो विचार योग्य आहे. ही सेवा एकसंध कंपनी नसून सेंट्रल, क्वीन्सलंड, साउथ ईस्टर्न, वेस्टर्न अशा वेगवेगळ्या विभागांची मिळून बनलेली आहे. प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे भरती करतो, म्हणून अर्जही विभागवार करावा आणि त्या विभागाकडे कोणती विमाने आहेत ते पाहून आपले तास त्याप्रमाणे मांडावेत.